चौदा दिवसांच्या रजेत अन्नपूर्णा सर्किट? आधी दिवस मोजा, किलोमीटर नंतर

खानापूरहून एका पोरानं विचारलंय ते थोडक्यात असं: "दादा, आम्ही चौघं. दोघं खानापूरचे, एक बेळगावचा, एक निपाणीचा. एक दिवसाचे ट्रेक भरपूर झालेत, पन्हाळा-पावनखिंडपण केलंय. ऑक्टोबरात नेपाळमधलं अन्नपूर्णा सर्किट (अन्नपूर्णेच्या डोंगरांना वळसा घालणारी बरेच दिवसांची चाल) करायचंय. रजा चौदा दिवस. ट्रेननं जाऊन-येऊन बेसीसहर ते मुक्तिनाथ आठ दिवसात बसवलंय, एक्सेल शीट सोबत आहे. सॅक केवढी घ्यावी, तयारी काय करावी, गाईड लागतो काय, उंचीचा त्रास होऊ नये म्हणूनच्या गोळ्या घ्याव्यात काय?"

शीट बघितली बाबा. रंगबिरंगी छान झालीय, किलोमीटर आहेत, तास आहेत, जेवायची गावंसुद्धा आहेत. एकच गोष्ट नाही, मोकळा दिवस. एकपण नाही. पुण्याला गाडी बदलायला तू दोन तास धरलेस, गोरखपूरला उतरून त्याच दिवशी सोनौली बॉर्डर ओलांडून पुढची बस धरलीस, आणि चौघांच्यातल्या एकाचंही पोट बिघडणार नाही असं गृहीत धरलंस. आपल्याकडची गाडी लोंढ्यापासून बेळगावपर्यंत यायला कधीकधी किती वेळ काढते ते तुला मी सांगायला नको.

म्हणून सॅक, बुटं, गोळ्या सगळं नंतर. आधी दिवस मोजूया.

ट्रेननं जायचं म्हटलं तर बेळगावहून रात्री निघून पुणे, तिथून गोरखपूर, गोरखपूरहून बसनं तीनेक तास सोनौली, पलीकडं गेल्यावर नारायणघाट, मुग्लिंग करत डुम्रे, आणि डुम्रेहून आत वळून बेसीसहर. धड चार दिवस जातात. येताना मुक्तिनाथहून पोखरा, पोखऱ्याहून सोनौली, मग परत तीच आगगाडी, तेही चार. म्हणजे आठ दिवस प्रवासातच गेले आणि चौदातले उरले सहा. तुझ्या शीटमध्ये चालायचे आठ आहेत. हे दोन दिवस कुठून आणणार आहेस ते मला शीटमध्ये कुठं सापडलं नाही.

त्यापेक्षा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमानानं बंगळूर नाहीतर दिल्लीला बदलून काठमांडू गाठा. पैसे जास्त जातील, पण त्या पैशात तुम्ही दिवस विकत घेताय असं समजा. काठमांडूहून बेसीसहरला बसनं एक पूर्ण दिवस. तेवढं धरून जाताना दोन, येताना दोन, कधी तीन. तरीपण वाटेतली थोरोंग ला खिंड ओलांडून सर्किट पूर्ण करायचं तर पंधरा-सोळा दिवस पाहिजेतच. चौदात होतं असं सांगणारे भेटतील, त्यांचं झालंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्यातलं कुणाचं डोकं दुखलं नाही आणि हवा बिघडली नाही म्हणून झालं.

आता एक गंमत सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर. बेसीसहर ७६० मीटरवर. म्हणजे सुरुवात अगदी घरच्याच उंचीवरून आहे, आणि तिथून थोरोंग ला खिंड आहे ५४१६ मीटरवर, जिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. पूर्वी हे सगळं पायानंच चढायला लागायचं त्यामुळं शरीराला आपोआप वेळ मिळायचा. आता मनांगपर्यंत कच्चा का होईना जीपरस्ता झालाय, आणि तिथंच पोरं फसतात. वेळ वाचवायला सकाळी बेसीसहरला जीपमध्ये बसायचं आणि रात्री किंवा दुसऱ्या दिवशी मनांगला ३५४० मीटरवर उतरायचं. जीपला काय, ती चढते. तुमच्या फुफ्फुसाला आणि मेंदूला कुणी विचारलंच नाही. तुझ्या शीटमध्ये हेच आहे बघ, "दिवस १: जीपने चामे, दिवस २: मनांग". हे खोडून टाक, आत्ताच.

माझ्या हिशेबानं असं करा. बेसीसहर ते धारापानी जीपनं, खालचा टप्पा गरम आणि धुळीचा आहे, तो सोडला तर फार काही चुकत नाही. धारापानी १८६० मीटरवर, रात्र तिथं. दुसऱ्या दिवशी चालत चामे, २६७०. तिसऱ्या दिवशी अप्पर पिसांग, ३३००, खालच्या पिसांगात राहू नका, वरच्या गावातून अन्नपूर्णा दोन हा डोंगर समोर दिसतो तो बघायलाच तर चाललाय. चौथ्या दिवशी घ्यारूचा चढ चढून ङावलला मुक्काम, खालून सपाट रस्त्यानं मनांग लवकर येतं पण वरच्या वाटेनं दिवसा उंची मिळते, म्हणजे शरीराला सवय होते आणि डोळ्यालापण सुख. पाचव्या दिवशी मनांग, अर्धा दिवसच चाल आहे. सहाव्या दिवशी मनांगलाच मुक्काम. मुक्काम म्हणजे लॉजमध्ये पत्ते कुटत बसणं नव्हे हं, वर आईस लेककडं जमेल तेवढं चढायचं, ते तळं ४६०० मीटरच्या आसपास आहे, तिथवर गेलंच पाहिजे असं नाही, तीनेकशे मीटर चढून आलात तरी पुरे, आणि झोपायला परत खाली. सातवा याक खर्क, ४०५०. आठवा थोरोंग फेदी, ४४५०. नववा खिंड आणि पलीकडं उतरून मुक्तिनाथ. दहावा दिवस मोकळा, तो शेवटी लिहिलाय म्हणून शेवटीच वापरायचा असं नाही, मनांगला कुणाची डोकेदुखी उतरली नाही तर तिथंच खर्च करायचा. अकराव्या दिवशी मुक्तिनाथहून गाडीनं पोखरा.

यामागचा नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलं की आज जिथं झोपलो त्यापेक्षा उद्याची झोपायची जागा पाचेकशे मीटरपेक्षा वर नको, आणि दर तीन-चार दिवसाला एक मुक्काम. दिवसा कितीपण चढा, झोपायची उंची महत्त्वाची. म्हणूनच मी फेदीला झोपायला सांगालोय, त्याच्या वरच्या हाय कॅम्पला नाही. तो ४८८० वर आहे, तिथं झोपलं की खिंडीच्या दिवशी तासभर वाचतो खरं, पण रात्रभर डोकं धरून बसायला लागलं तर तो तास घेऊन काय करायचाय?

आणि चौदापेक्षा रजा मिळतच नसेल तर? मग खिंड सोडा. खरंच सांगतोय. मनांगपर्यंत वर सांगितलं तसं निवांत चाला, एक दिवस जास्त राहून वरची तळी बघा, आणि जीपनं खाली या. लोक विचारतील "सर्किट केलंस काय?", त्यांना काय सांगायचं ते सांगा. माझ्या मते या वाटेतला सगळ्यात देखणा भाग पिसांग ते मनांगच आहे, खिंडीवर बहुतेक वेळा वारा, पताका आणि फोटोसाठी रांग.

मी तीनदा गेलोय, खिंड दोनदाच ओलांडली. मधल्या वेळी आमच्याबरोबर एक काका होते, मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, बावन्न-त्रेपन्न वय, रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला दहा चकरा मारणारे, आमच्या सगळ्यांपेक्षा तगडे. याक खर्कला रात्री जेवले नाहीत, म्हणाले भूक नाही. सकाळी डोकं दुखतंय म्हणाले, पण "अरे मी यापेक्षा वर ड्यूटी केलीय" म्हणून ऐकेनात. फेदीला पोचलो तर बुटाची नाडी बांधताना हात चुकायला लागला. आमच्या गाईडनं त्यांना जमिनीवरच्या एका फटीवरून टाचेला अंगठा लावत सरळ चालून दाखवा म्हटलं, दारू प्यालेल्या माणसासारखे दोन्हीकडं झुकायला लागले. गाईडनं पुढं एक शब्द बोलला नाही, त्यांची सॅक स्वतःच्या छातीवर घेतली आणि अंधार पडायच्या आत आम्ही त्यांना धरून खाली घेऊन निघालो. याक खर्कच्या खाली आल्यावर तासाभरात माणूस बोलायला लागला. ड्यूटीला गेले तेव्हा फौजेनं त्यांना टप्प्याटप्प्यानं दिवस देऊन वर चढवलं होतं, आणि वय होतं पंचवीस, हे ते स्वतःच नंतर हसून सांगायचे. फिटनेसचा आणि उंची लागण्याचा काही संबंध नाही, उलट फिट माणूस भरभर चढतो म्हणून त्याला लवकर लागते.

तर लक्षात ठेवायचं काय: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न येणं, ही सुरुवात, यावेळी आहे तिथंच थांबायचं, वर जायचं नाही. बसल्याजागी धाप लागत असेल, ओला खोकला येत असेल, नाहीतर चालताना तोल जात असेल, तर रात्र असो की पाऊस, खाली. औषध घेऊन बघू, सकाळी बघू, असलं काही नाही. मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे, सीझनला तिथं डॉक्टर असतात आणि दुपारी उंचीच्या आजारावर माहिती सांगतात, मुक्कामाच्या दिवशी जाऊन बसा चौघं. इंग्रजीत असतं पण समजतं.

गोळ्यांचं विचारालास म्हणून. डायमॉक्स, म्हणजे असिटाझोलामाईड, बेळगावातल्या कुठल्यापण मेडिकलमध्ये मिळते, म्हणून आपल्या आपण घेऊन टाकू नका. साधारण १२५ मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ, चढायच्या आदल्या दिवसापासून, अशी देतात, पण तुमच्या डॉक्टरला विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असलेल्यानं तर विचारल्याशिवाय हातपण लावू नये. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं होतं, सोड्याची बाटली प्यायली तर पाणी प्याल्यासारखी लागते. ही गोळी शरीराला सवय व्हायला मदत करते, दिवस कमी करायची ती सवलत नाही. आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी, थंडी म्हणून रक्सी (तिकडची दारू), हे दोन्ही वर नको. रक्सी मुक्तिनाथला उतरल्यावर.

आता पायांकडं येऊ, कारण खिंडीपेक्षा जास्त लोक पायामुळं परत येतात.

तुम्ही पन्हाळा-पावनखिंड केलंय म्हणालास, चांगली गोष्ट आहे, आषाढातल्या चिखलात ती चाल सोपी नव्हे. पण ती दोन दिवसांची. दोन दिवस कुणीपण रेटतो, जिद्दीवर, मित्रांच्या शिव्यांवर. खरी गंमत तिसऱ्या दिवशी सकाळी असते, जेव्हा मांड्या लाकडासारख्या झालेल्या असतात, टाचेवर फोड असतो, आणि तरी उठून आठ तास चालायचं असतं आणि परवापण चालायचं असतं. हा तिसरा दिवस तुम्ही अजून बघितलेला नाही. ज्यांनी बघितलाय ते तुमच्या घरातच असतील. आमच्या गल्लीतली दिंडी माघवारीला चालत पंढरपूरला जाते, त्यात सत्तरीच्या आज्या असतात, पायात साधी चप्पल, आणि त्या दहा-बारा दिवस न थांबता चालतात. एकदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं की मला चालायलाच येत नव्हतं. ट्रेकवाला धावत सुटतो, बसतो, परत धावतो. वारकरी पहाटे लवकर निघतो, एका लयीत चालतो, विसावा ठरलेला, दुपारी ऊन डोक्यावर आलं की मुक्कामाच्या जवळ, आणि संध्याकाळी पाय चोळल्याशिवाय कीर्तनाला बसत नाही. तुमच्या नेपाळी गाईडची चालपण हुबेहूब तशीच असणार बघा, बोलत बोलत चालता आलं पाहिजे इतकी हळू. अभंग म्हणता येत नाही इतकी धाप लागली म्हणजे तुम्ही जोरात चाललाय, साधं मोजमाप.

एक गोष्ट मात्र वारकऱ्यांची घेऊ नका, फोडातून सुईदोरा ओवून ठेवायची. पाणी निघून जातं खरं, पण दोरा आत जंतूंना वाट करून देतो. त्यापेक्षा चालताना कुठं गरम लागायला लागलं, चुरचुरलं, की तिथल्या तिथं थांबायचं, बूट काढायचा आणि मेडिकलमधली कापडी चिकटपट्टी लावायची. पाच मिनिटं लागतात. बाकीचे पुढं गेलेत म्हणून लाजून थांबायचं नाही असं करतोस, आणि तीच पाच मिनिटं पुढं पाच दिवस छळतात.

तयारी आत्तापासून, हातात साडेतीन-चार महिने आहेत. आठवड्यात तीन-चार दिवस तासभर भराभर चालणं नाहीतर जिने. रविवारी राजहंसगड. यळ्ळूरचा गड तसा छोटा आहे हे मला माहीत आहे, म्हणून एकदा चढून वर भजी खाऊन येऊ नका, सॅकमध्ये सहा-सात लिटर पाण्याच्या बाटल्या भरून चार-पाचदा वरखाली करा. चढताना पाणी भरलेलं, उतरताना मात्र सुरुवातीला ओतून टाका, गुडघे वाचवा, महिन्याभरानं भरलेली घेऊन उतरायला लागा. खिंडीच्या दिवशी फेदीहून जवळजवळ साडेनऊशे मीटर चढ आहे आणि मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटरच्या वर उतार, आणि लोक चढाची तयारी करतात, उतार विसरतात. माझा डावा गुडघा पहिल्या वेळी त्या उतारावर गेला तो अजून पावसाळ्यात बोलतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात एकदा सलग तीन दिवस काढा. घरून निघून वैजनाथ डोंगर, देवरवाडीच्या बाजूनं चंदगड तालुक्यात, पुढं महिपाळगड, गंधर्वगड, जमलं तर कलानंदीगड, रात्री गावातल्या देवळात. गावात आधी कुणाच्या तरी ओळखीनं सांगून ठेवा, आपल्याकडं सीमेच्या दोन्हीकडं पाव्हणे असतातच की. रस्त्यानं चालायला लागलं तरी चालेल, अंतरापेक्षा तीच सॅक, तीच बुटं, तेच मोजे घालून तिसऱ्या दिवशी सकाळी उठणं महत्त्वाचं. कणकुंबी-जांबोटी बाजूला पावसात जायचा मोह होतो, मलाही होतो, पण भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका. अस्वलं आहेत, जळवा आहेत, आणि गार्डनं पकडलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. या तीन दिवसात तुमच्या चौघांच्यात कोण भांडतो तेपण कळेल. हे हसण्यावारी नेऊ नकोस. कोण सगळ्यात हळू चालतो ते तिथंच बघून ठेवा आणि नेपाळात त्यालाच पुढं चालायला लावा, म्हणजे बाकीचे आपोआप हळू होतात आणि तो मागं एकटा रडत येत नाही.

सॅक. पाणी सोडून सात-आठ किलो, बस्स. मी पहिल्यांदा चौदा किलो नेली होती, त्यात एक जाड कादंबरी, दोन जीन्स, टॉर्चचे जादा सेल आणि घरून दिलेले दोन किलो लाडू. पिसांगला लॉजवाल्या दिदीला एक जीन्स आणि कादंबरी देऊन टाकली, कादंबरी मराठी होती, तिनं ती कशाला वापरली असेल देवाला माहीत. चाळीस-पंचेचाळीस लिटरची सॅक घ्या, मोठी घेतली की भरतेच. तंबू, स्टोव्ह, भांडी काहीच लागत नाही, मुक्कामाला रोज लॉज आहे, पांघरायला तिथली जाड सिरक मिळते. तरीपण सीझनमध्ये वरच्या लॉजला गर्दी असते म्हणून स्लीपिंग बॅग घ्याच, भाड्यानं काठमांडूच्या ठमेलमध्ये मिळते, इथून विकत घेऊन जायची गरज नाही. फेदीला ऑक्टोबरात रात्री पाणी गोठतं. अंगाला लागून कॉटनची बनियन नको, घामानं भिजली की वाळत नाही आणि खिंडीवर वारा लागला की बर्फासारखी होते, त्यापेक्षा क्रिकेटवाले घालतात तसला सिंथेटिक टी-शर्ट, त्यावर थर्मल, लोकरी स्वेटर, वारा-पावसाचं जॅकेट. लोकरी कानटोपी आईकडून विणून घ्या, ब्रँडेडपेक्षा चांगली असते. मोजे तीन जोड, गॉगल पाहिजेच, बर्फ असला तर नुसत्या डोळ्यानं चालवत नाही. मोबाईल आणि पॉवरबँक रात्री अंथरुणात घेऊन झोपा, थंडीत बॅटरी उतरते. बुटं मात्र आत्ताच घ्या आणि ऑगस्टपर्यंत दोनशे किलोमीटर तरी घालून चाला. नवी कोरी बुटं घालून बेसीसहरला उतरणाऱ्याला माझ्याकडं काही औषध नाही.

खाणं म्हणजे डाळभात. तिथं डाळभात परत मागितला तर वाढतात, बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे नाहीत, मैद्याचा पिझ्झा मागवणाऱ्याचं तसं नाही. लसणाचं सूप मिळतं, गरम असतं, पोटात जातं, एवढ्यासाठी घ्या, उंचीवर ते औषध आहे म्हणतात त्यावर जाऊ नका. चिकन-मटण वर टाळा, ते खालून कधी निघालंय कुणाला ठाऊक. खोली स्वस्त असते पण जेवण त्याच लॉजमध्ये घ्यायचं अशी पद्धत आहे, ती पाळा, त्यांचं पोट त्यावरच चालतं. पाणी मात्र ते शुद्ध करायच्या गोळ्या टाकून नाहीतर उकळून. घरून न्यायचंच तर गोकाकचं करदंट न्या, डिंक, गूळ, सुकामेवा, थंडीत कडक होतं पण खराब होत नाही आणि एक तुकडा अर्धा तास पुरतो, परदेशी एनर्जी बारपेक्षा कितीतरी बरं. शेंगाचटणीची एक पुडी पण न्या, सातव्या दिवशी डाळभात बघून रडू येईल तेव्हा उघडा. कुंदा नेऊ नका, काठमांडूपर्यंतच टिकेल.

गाईड घ्या. नेपाळ सरकारनं २०२३च्या एप्रिलपासून परदेशी ट्रेकरना लायसन्सवाला गाईड घ्यायचा नियम केलाय ते एक, पण नियम नसता तरी वरच्या काकांची गोष्ट वाचलास ना? चौघांत एक गाईड आणि दोन पोर्टर, वाटून खर्च फार होत नाही. पोर्टरच्या पाठीवर किती चढवता त्याला लाज ठेवा, आणि त्याच्या अंगावर जॅकेट, हातमोजे आहेत काय ते निघायच्या आधी बघा. वाट चुकायची भीती फारशी नाही, गाडीरस्ता टाळून जाणारी पायवाट लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलीय, बाजूच्या वाटांना निळ्या-पांढऱ्या. धूळ खात जीपच्या मागं चालण्यापेक्षा त्या पट्ट्या शोधा.

कागदपत्रं पटकन सांगतो. व्हिसा लागत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र पाहिजे, आधार कार्डावर विमानात चढू देणार नाहीत, निपाणीवाल्याला हे दोनदा सांग. अन्नपूर्णा भागाचं परमिट भारतीयांना म्हणजे सार्कवाल्यांना १००० नेपाळी रुपये, बाकी परदेशी लोकांना ३०००, काठमांडूतच काढून घ्या, पासपोर्ट साईझचे फोटो जवळ ठेवा. आपला एक रुपया म्हणजे तिथले १.६०, भाव ठरलेलाच आहे. बेसीसहर सोडायच्या आधी सगळ्या वाटेचे रोख पैसे बरोबर असू देत, पलीकडं जोमसोमला पोचेपर्यंत एटीएमच्या भरवशावर राहू नका. इन्शुरन्स काढताना ५५०० मीटरच्या वरपर्यंत ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टर दोन्ही धरलंय काय ते वाचा, नुसता ट्रॅव्हल इन्शुरन्स उपयोगाचा नाही. आणि साध्या डोकेदुखीला कुणी हेलिकॉप्टर बोलवायची घाई करायला लागला तर आधी इन्शुरन्सवाल्यांना फोन लावा, असल्या खोट्या रेस्क्यूंची नेपाळ सरकारनं २०१८ मध्ये चौकशी लावली होती.

हवेचं शेवटी सांगतो पण ते शेवटचं नाही. ऑक्टोबर चांगला महिना, पाऊस संपलेला, डोंगर धुतल्यासारखे स्वच्छ. पण २०१४ साली याच ऑक्टोबरात, १४ तारखेला, खिंडीवर बर्फाचं वादळ आलं आणि त्या भागात चाळीसवर माणसं गेली. ते वादळ आलं कुठून? बंगालच्या उपसागरातून. हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं, वर सरकत गेलं आणि दोन दिवसांनी हिमालयात बर्फ होऊन पडलं. म्हणजे बातमी दोन दिवस आधी टीव्हीवर होती. तेव्हा तुमच्यातला एकजण मनांगला पोचल्यावर रोज घरी फोन करून एवढंच विचारेल, "उपसागरात काय आहे काय?" काही असेल तर मनांगला बसून राहा, दोन दिवस डाळभात खा. मोकळा दिवस यासाठीच ठेवायला सांगालोय.

खिंडीच्या दिवशी पहाटे चार-साडेचारला निघा, सकाळ सरायला लागली की वारा असा सुटतो की उभं राहवत नाही. मुक्तिनाथला १०८ धारा आहेत, गार पाण्याच्या, सगळे त्याखालून पळत जातात आणि तुम्हीपण जाणार हे मला माहीत आहे. पण खिंडीवरून उतरल्या उतरल्या घामाच्या अंगानं जाऊ नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आल्यावर जा.

शीट दुरुस्त करून परत पाठव. आणि साहेबाकडं रजेचा अर्ज टाकताना सतरा दिवसांचा टाक, तो कापून पंधरा-सोळा करेलच.